चेकर पत्र्याचा माळा टाकताय? एमएम नंतर विचारा, आधी खालचा सपोर्ट मोजा

परवा एक पाहुणे वर्कशॉपवर आले. गोकुळ शिरगावला त्यांचं पॅकिंगचं छोटं युनिट आहे, शेडमध्ये माल ठेवायला लोखंडी माळा टाकायचा होता. खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू झाले, "मालक, ती जहाजाच्या डेकवर असते ना नक्षीची प्लेट, तसली पाहिजे. दहा एमएम टाका नाहीतर बारा टाका, पण काम दणकट पाहिजे." मी म्हटलं बसा, चहा घ्या, आणि मला फक्त एवढं सांगा की खाली चॅनेल, म्हणजे पत्र्याला आधार देणारे लोखंडी आडवे बार, किती फुटावर येणार आहेत. पाहुणे गप्प. मग म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा की."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एवढी वर्षं फॅब्रिकेशन करतोय, पण दहातली नऊ गिऱ्हाईकं हीच चूक करतात, पत्र्याची जाडी विचारतात आणि पत्रा ज्याच्यावर बसणार त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून टाकावं, निवडण्यापासून रंगापर्यंत, कुणाला तरी उपयोग होईल.

चेकर पत्रा म्हणजे हीच उठावाच्या नक्षीची प्लेट. आधी ते जहाजाचं मिटवून टाकू. मोठ्या जहाजाचा उघडा डेक बहुतेक प्लेन प्लेटचाच असतो, नक्षी नसते त्याला. पाय घसरू नये म्हणून वर खरखरीत कण मिसळलेला रंग मारतात. नक्षीची प्लेट जहाजात दिसते ती जास्त करून इंजिन रूममध्ये, तीही सुट्या तुकड्यांत, डोकं आत बुडणाऱ्या स्क्रूवर बसवलेली, कारण खाली पाईप आणि व्हॉल्व असतात आणि काही गळायला लागलं तर तेवढाच तुकडा उचलून हात घालता आला पाहिजे. आणि स्टीलचं म्हणाल तर जहाजाच्या साध्या ग्रेडची, म्हणजे ए, बी, डी, ई ची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला स्टील कायमचं वाकायला लागतं तो आकडा, असते २३५ मेगापास्कल. आपल्या बाजारात मिळणारी, आयएस २०६२ या भारतीय स्टँडर्डची ई२५० ग्रेड नावाप्रमाणेच २५० ची. म्हणजे ताकदीत आपला माल कमी नाही. फरक कुठं पडतो तर थंडीत. डी ग्रेड उणे २० डिग्रीला आणि ई ग्रेड उणे ४० ला हातोड्याचा दणका देऊन टेस्ट करतात, स्टील काचेसारखं तडकत नाही ना ते बघायला. कोल्हापुरात उणे ४० कुठलं आणायचं, डिसेंबरात पहाटे रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी स्वेटर पुरतोय.

हां, लढाऊ जहाजांचं प्रकरण वेगळं. आपली आयएनएस विक्रांत, जी कोचीन शिपयार्डमध्ये बांधली आणि २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात आली, तिच्यासाठी सेल या सरकारी स्टील कंपनीने साधारण ३०,००० टन डीएमआर ग्रेडचं खास स्टील दिलं होतं. हे स्टील हैदराबादच्या डीएमआरएल या सरकारी लॅबने सेलबरोबर मिळून तयार केलं. तिथं विमानं उतरतात, आपल्याकडं माळ्यावर पुठ्ठ्याची खोकी चढणार आहेत. पण एक गोष्ट मात्र जहाजाकडून नक्की शिकण्यासारखी आहे, आणि ती म्हणजे डेकच्या प्लेटच्या पोटाला काय असतं ते. खालून बघितलं तर दोन-अडीच फुटावर एकेक लांब पट्टी उभी वेल्ड केलेली असते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्लेट म्हणजे नुसतं कातडं, ताकद सगळी त्या बरगड्यांची.

आता हिशोब सांगतो, घाबरू नका, एकदाच वाचा म्हणजे आयुष्यभर पुरतोय. समजा ६ एमएमचा पत्रा आहे, खाली चॅनेल ६०० एमएमवर म्हणजे दोन फुटावर आहेत, आणि वर चौरस मीटरला ५०० किलो वजन सगळीकडं सारखं पसरलंय. दोन टोकांवर टेकलेल्या पट्टीचा साधा हिशोब धरला तर मधोमध झोळ येतो सव्वादोन-अडीच एमएम. डोळ्याला दिसतही नाही. आता तोच पत्रा, तेच वजन, फक्त चॅनेल चार फुटावर न्या. तुम्हाला वाटेल झोळ दुप्पट होईल, पाच एमएम. नाही भावा, तो होतो ३७ एमएम! कारण अंतर दुप्पट केलं की झोळ सोळा पट होतो, चार वेळा गुणाकार असतो त्यात. जाडीचा फायदा मात्र तीनच वेळा मिळतो, जाडी दुप्पट तर झोळ आठवा हिस्सा.

आता पाहुण्यांचा दहा एमएम बघू. चार फुटावर चॅनेल ठेवून दहा एमएम टाकला तरी झोळ येतो आठ एमएम. दोन फुटावर चॅनेल ठेवून सहा एमएम टाकला तर सव्वादोन. पैशाचं बघा, त्यांचा माळा २० बाय १२, म्हणजे २४० चौरस फूट. सहा एमएमवरून दहावर गेलं की नुसता पत्र्याचा बोजा सातशे किलोने वाढतो. सातशे किलोत ७५ च्या चॅनेलचे वीस फुटी सोळा नग येतात, आणि चार फुटावरून दोन फुटावर यायला आपल्याला लागतात फक्त तीन नग जास्त. पाहुण्यांना मी हे खडूने टेबलावरच लिहून दाखवलं, तेव्हा कुठं त्यांनी चहा संपवला.

बरं वजन किती धरायचं हे सुद्धा अंदाजपंचे नको. आयएस ८७५ या स्टँडर्डच्या दुसऱ्या भागात दिलंय, कारखान्यात हलकं काम असेल तर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, मध्यम ७, जड १०. किलोन्यूटन म्हणजे ढोबळ शंभर किलो समजा. मालाच्या गोडाऊनला थप्पीच्या उंचीच्या प्रत्येक मीटरला २.४ आणि कमीत कमी साडेसात. पाहुण्यांचा माळा मालाचा, म्हणजे साडेसात धरायचं, चौरस मीटरला ७५० किलो. २४० फूट म्हणजे २२.३ चौरस मीटर, गुणाकार करा, पावणेसतरा टन होतात. म्हणजे उसाने भरलेला ट्रक तुम्ही माळ्यावर उभा करताय, आणि तो शेवटी चार-सहा खांबांतून जमिनीत उतरणार आहे. म्हणून मेन गर्डर, खांब, बेसप्लेट आणि खालचं फौंडेशन हे इंजिनिअरकडून काढून घ्या, तिथं माझ्यासारख्याचं ऐकू नका. शेडच्या जुन्या खांबांना परस्पर गर्डर ठोकून माळा लटकवणारे पण बघितलेत मी. ते खांब वरचा पत्रा आणि वारा सोसायला केलेले असतात, ट्रक नाही.

खरेदीला जाताना चेकर पत्रा कसा मापतात हे माहीत पाहिजे. नक्षीच्या पत्र्याचं स्टँडर्ड आहे आयएस ३५०२, त्यात जाडी म्हणजे उठाव सोडून खालच्या सपाट भागाची जाडी. यार्डात पोरगं जाडी मोजायचा व्हर्निअर लावतंय ते बरोबर दाण्यावर, म्हणजे नक्षीच्या उठावावर लावतंय, मग साडेपाचचा पत्रा सुद्धा सात दाखवतो. कडेला, दोन दाण्यांच्या मधे, जबडा नक्षीला लागणार नाही असा धरून मोजा, आणि एकाच जागी नाही, चारी बाजूला. लोक म्हणतात किलोवर तर घेतोय, पातळ आला तर पैसे पण कमीच जातील, नुकसान काय. नुकसान असं, की ६ च्या जागी ५.४ आला तर झोळ साधारण ३७ टक्के वाढतो. पैसे वाचले पण जाडी गेली ना.

वजनाचं एक सोपं गणित लक्षात ठेवा, प्लेन पत्र्याला एमएम गुणिले ०.७३ केलं की चौरस फुटाचे किलो मिळतात. सहा एमएम म्हणजे ४.३८. चेकरला नक्षीचं वजन वर येतं, चौरस मीटरला दोन-तीन किलो, म्हणून सहा एमएम चेकर फुटाला ४.६ च्या आसपास धरा. १२५० बाय ६३०० चा एक नग ३९० किलोच्या घरात बसला पाहिजे. गाडी भरल्यावर वजनकाट्याची पावती या हिशोबाशी ताडून बघा, जास्त आलं तर विचारा, आणि कमी आलं तर त्याहून आधी विचारा.

मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा. देत नाहीत पटकन, पण मागा. त्यावरचा हीट नंबर, म्हणजे स्टील भट्टीतून ज्या खेपेत निघालं तिचा नंबर, प्लेटवर मारलेल्या नंबरशी जुळतोय का बघायचं. जुळत नसेल तर तो कागद दुसऱ्याच कुठल्या तरी प्लेटचा आहे.

आणि "जहाजाचा माल आहे साहेब" म्हणून जुनी प्लेट दाखवतात त्याबद्दल. गुजरातेत अलंगला जहाजं तोडतात, त्यांची प्लेट री-रोलिंग मिलला जाते आणि काही तशीच बाजारात फिरते. प्लेट वाईट असते असं नाही, पण समुद्राने जागोजागी खड्डे पाडलेले असतात, एकीकडं दहा भरते तर हातभर अंतरावर आठ. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं, गॅस कटिंग करताना तो धूर थेट छातीत. मशीनची बेसप्लेट वगैरे असल्या कामाला ठीक आहे. माळ्याला, माणसं जिथून चालणार तिथं, मी वापरत नाही.

पुराचा माल हे आपलं खास कोल्हापुरी दुखणं. २०१९ च्या पुरानंतर मी एका यार्डातून स्वस्तात थप्पी उचलली होती. वरून पत्रे धुतलेले, ऑइल मारलेले, एकदम चकाचक. वर्कशॉपवर आणून हायड्राने, म्हणजे क्रेनने, वरचा उचलला तर खालचा पण त्याला चिकटून वर आला. दोन पत्र्यांच्या मधे गाळ बसून वाळून लोखंडाशी एकजीव झालेला, हातोडीने ठोकला तर गंजाच्या खपल्या पापुद्र्यासारख्या निघाल्या. तेव्हापासून थप्पीतला वरचा पत्रा मी बघतच नाही, मधला काढायला लावतो.

आता मांडणी. पत्र्याची रुंदी १२५० एमएम, लांबी ६३००. पाहुण्यांच्या माळ्याला हे असं बसलं की जणू त्यांनी शेड पत्रा बघूनच बांधली. तीन पत्रे शेजारी ठेवले की ३७५० एमएम, म्हणजे बारा फूट साडेतीन इंच, आणि लांबी वीस फूट आठ इंच. कापायचं नाव नाही. चॅनेल टाकायचे ६२५ वर, म्हणजे दर दुसरा चॅनेल बरोबर जोडाखाली येतो. एकूण सात. हे मी मुद्दाम सांगतोय कारण लोक चॅनेल ६०० वर टाकतात, नकाशात गोल आकडा दिसायला बरा वाटतो, आणि मग प्लेट आली की जोड हवेत. मग खाली पट्टी लाव, अँगल लाव, ठिगळावर ठिगळ. आधी पत्र्याची रुंदी मोजा, तिला निम्मं करा, तो तुमचा चॅनेलचा गाळा.

शंभरच्या, म्हणजे १०० एमएम उंचीच्या चॅनेलची वरची पट्टी ५० एमएम रुंद असते. तिच्यावर दोन पत्र्यांच्या कडा बसणार, मधे तीन एमएमची फट ठेवायची, म्हणजे प्रत्येक पत्र्याला टेकायला तेवीस एमएम मिळतात. म्हणजे चुकायला जागा नाहीच म्हणा. चॅनेल वेल्ड झाल्यावर वरून दोरी धरून बघा, सगळ्यांची डोकी एका पातळीत आहेत का. एखादा चॅनेल तीन एमएम खाली असला तर पत्रा त्याच्यावर टेकतच नाही, मग तो चॅनेल असून नसल्यासारखा, आणि माणूस वरून चालला की डब्याच्या झाकणासारखा डबाक-डबाक आवाज. हा आवाज एकदा सुरू झाला की मालक तुम्हाला झोपू देत नाही. फट राहिली तर पातळ पट्टी सारून वेल्ड करा, पत्रा हातोड्याने खाली बसवायच्या भानगडीत पडू नका, तो परत उठतो.

आणखी एक काम आत्ताच करायचं जे नव्वद टक्के लोक विसरतात. चॅनेलच्या डोक्याला आणि पत्र्याच्या खालच्या बाजूला प्रायमर पत्रा चढवायच्या आधी मारा, वेल्डच्या जागा तेवढ्या सोडून. नंतर तिथं ब्रश जात नाही, कुणाचाच जात नाही.

पत्रे चढवताना जरा थांबून वाचा, कारण या कामात वेल्डिंगपेक्षा इथं जास्त माणसं जायबंदी होतात. ३९० किलोचा नग आहे, हायड्रा किंवा चेन पुल्लीनेच चढवायचा, क्लॅम्प चांगला पाहिजे, आणि लटकलेली प्लेट फिरायला लागली की हाताने थांबवायची नाही, दोन टोकांना दोऱ्या बांधायच्या आणि लांबून खेचायच्या. वर ठेवलेला पत्रा टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारल्याशिवाय त्याच्यावर पाय द्यायचा नाही. कडेचा तुकडा चॅनेलच्या बाहेर फूटभर लोंबत असतो, माणूस बिनधास्त त्या टोकावर जातो आणि पत्रा सी-सॉसारखा उलटतो, माणसासकट. एकेक पत्रा ठेवला की लगेच चार कोपऱ्यांना आणि मधे दोन टॅक, मग हायड्राचा हूक सोडायचा. जिन्यासाठी भोक ठेवलं असेल तर त्याला त्याच दिवशी कठडा बांधा, उद्यावर नको. आणि माळ्याच्या खाली त्या वेळी कुणीही उभं राहणार नाही, मालकाचा मेहुणा असला तरी.

आता वेल्डिंग. सुरुवातीच्या काळात मी एका ट्रॉलीला पाच एमएमचा पत्रा टाकला होता. उत्साहात एका टोकापासून सुरू केलं आणि दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता अखंड वेल्ड ओढला, बघणारा म्हणाला काय सुंदर लाईन आलीया. दुपारी जेवून आलो तर पत्र्याचा पापड झालेला. मधे फुगलेला, कडा खेचलेल्या, पाय दिला की इकडून दाबतोय आणि तिकडून उठतोय. वेल्ड गार होताना आकसतो आणि पातळ पत्र्याला स्वतःबरोबर ओढतो, त्याला जायला जागा नसते म्हणून तो वर नाहीतर खाली पळतो. जहाजात सुद्धा हेच होतं बरं का, काही जहाजं लांबून बघितली तर अंगावर उपाशी बैलासारख्या बरगड्या दिसतात, ते वेल्डने आत ओढलेलं पातळ पत्र्याचं अंग असतं. तिथं मग गॅसच्या ज्योतीने रेघा तापवून सरळ करत बसतात, ती वेगळीच कला आहे.

म्हणून टाके मारायचे. ५० एमएमचा टाका, दीडशे मोकळं, परत ५०. आणि क्रमाने पुढं जायचं नाही, मधोमध सुरू करायचं, एक टाका डावीकडं, मग उजवीकडं, मग दुसऱ्या चॅनेलवर जायचं, म्हणजे पहिला तोपर्यंत गार होतोय. टाका मारताना हात मागच्या बाजूला ओढायचा, म्हणजे काम पुढं सरकतंय पण प्रत्येक टाका मागं जातोय. पोरांना हे पटत नाही, उठबस जास्त होते त्यात. त्यांना म्हणायचं, पत्रा उपसून परत टाकायला किती उठाबशा लागतील ते मोज. जोडाच्या तीन एमएम फटीत वरून वेल्ड भरला की दोन्ही पत्रे आणि खालचा चॅनेल एका दमात धरले जातात. पण ज्या चॅनेलवर जोड नाही, मधला, त्याला वरून कसं धरणार? दोन उपाय. एक तर खालून डोक्यावर हात करून टाके मारायचे, ते चांगल्या हाताचंच काम. नाहीतर पत्र्याला सोळा-वीस एमएमची भोकं पाडून ती चॅनेलवर वेल्डने भरून घ्यायची. मला दुसरा उपाय आवडतो, ग्राइंडरने वरून सपाट केलं की ठेच लागत नाही. फक्त भोक भरताना कडेने गोल फिरत आत या, नुसतं मधे रॉड टेकवून भरलं तर वरून बटण दिसतं आणि खाली काहीच धरलेलं नसतं.

वेल्डिंगचा रॉड साध्या माळ्याला ६०१३ नंबरचा चालतो. जिथं हादरे बसणार, मशीन बसणार, गाडी फिरणार, तिथं ७०१८ घ्या, आणि तो ओव्हनमध्ये कोरडा केलेला पाहिजे, पावसाळ्यात उघड्या पुड्यातला नको. कोल्हापूरचा जून-जुलै म्हणजे भिंत सुद्धा ओली लागते हाताला, रॉडचं काय घेऊन बसलाय. हे टाके कोरड्या जागेसाठी झाले. उघड्यावर, जिथं पाऊस लागणार, तिथं टाक्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरून बसतं आणि वरून काही न दिसता आतून गंज खातो. तिथं आधी टाके पूर्ण करा, सगळं गार होऊ द्या, आणि मग मधल्या जागा थोड्या-थोड्या करून भरून फट बंद करा. डेकला मधे उंच आणि कडेला उतार असतो तो पाणी वाहून जायलाच. आपण पण उघड्या माळ्याला थोडा उतार द्यावा, आणि पाणी साचायची जागा दिसली तर बारा-पंधरा एमएमचं भोक पाडून मोकळं व्हावं.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा वेल्ड करणार असाल तर जोडाजवळची जस्ताची कोटिंग आधी ग्राइंडरने काढा आणि हवा खेळती ठेवा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, आणि लोक समजतात मलेरिया झाला. आपल्याकडं यावर उपाय म्हणून गुळाचा खडा खातात. गूळ कोल्हापूरचा असला तरी धूर थांबवत नाही, पंखा लावा आणि मास्क घाला, गूळ नंतर चहात टाका.

रंगाचं थोडक्यात. नव्या पत्र्यावर जो निळसर-काळा पापुद्रा असतो तो मिलचा स्केल. त्याच्यावर रंग मारला तर आज छान दिसतं, वर्षा-दोन वर्षांत स्केल सुटतो आणि रंग घेऊनच सुटतो. शिपयार्डात प्लेट आधी छर्ऱ्याने ब्लास्ट करून त्याच्यावर पातळ जस्ताचा प्रायमर मारून मगच आत घेतात. आपल्याला ब्लास्टिंग परवडत असेल तर सोन्याहून पिवळं, शिरोलीत फौंड्रीवाल्यांकडं शॉट ब्लास्टची मशीन असतात पण पूर्ण लांबीचा पत्रा जाईल असं मशीन शोधावं लागतं. नाहीतर वायर कप लावून घासा, थिनरने पुसा, रेड ऑक्साईड झिंक क्रोमेटचा हात, वर इनॅमल. नक्षीच्या बाजूला रंग जाड मारू नका. दाण्याच्या मधल्या खाचा रंगाने भरल्या की पत्रा झाला गुळगुळीत, मग नक्षीचे पैसे कशाला दिले. दाण्याच्या डोक्यावरचा रंग चालून-चालून आधी जाणारच, वर्षातून एकदा तेवढा हात मारायची तयारी ठेवा.

चेकर पत्रा कुठं टाकू नये हे पण सांगतो, कारण गिऱ्हाईक मागतंय म्हणून द्यायची सवय आपल्याला आहे. साखर कारखान्यात जिथं रस सांडतो तिथं ग्रेटिंग म्हणजे जाळी बरी, रस खाली जातो, पाण्याने धुता येतं. पत्र्यावर रस साचला की आंबतो, आंबलेला रस लोखंड खातो, आणि वर बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, चिकटून नक्षी भरून जाते, सीझन संपायच्या आत तो पत्रा घसरगुंडी झालेला असतो. फौंड्रीत जिथं वितळलेलं लोखंड ओततात तिथं तर अजिबात नको. पत्र्याखाली नाहीतर फटीत जरा ओल राहिली आणि त्याच्यावर तापलेला लोखंडाचा रस पडला की पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि सगळं उडतं. तिथं कोरडी वाळूच पाहिजे, पूर्वीपासून लोक तसं करतात ते उगाच नाही.

अॅल्युमिनियमचा पाच रेघांचा पत्रा बसमध्ये दिसतो तो वजनाला लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश, गाडीला चांगला. फक्त तो लोखंडी फ्रेमवर थेट ठेवला आणि मधे पाणी गेलं तर अॅल्युमिनियम खाल्लं जातं, मधे रबराची पट्टी घाला. माळ्याला कशाला एवढा महाग माल.

कडेला रेलिंग मीटरभर उंच, मधे एक आडवा पाईप, आणि खाली शंभर एमएमची उभी पट्टी. या पट्टीचे पैसे वाचवायला बघतात लोक. तिच्यामुळं माणूस थांबत नाही हे खरं, पण माळ्यावरून लाथ लागून निसटलेला पाना खालच्याच्या डोक्यात जात नाही. जिन्याच्या पायऱ्यांना पत्रा दोन्ही कडांनी चाळीस एमएम खाली बेंड करून घ्या, मग पाच एमएममध्ये पण पायरी टणक होते, आणि पुढची धार पायाला लागत नाही.

पाहुण्यांचं काम सहा दिवसांत झालं. सहा एमएम, सात चॅनेल, काटा ११७२ किलो दाखवला पत्र्याचा, हिशोब ११७० चा होता. बूट घालून त्यांनी मधोमध दोन उड्या मारल्या, कान देऊन ऐकलं, काही वाजलं नाही. मग मी जिन्याच्या तोंडाशी एक पाटी लावली, पांढऱ्यावर लाल अक्षरात, ‘चौरस मीटरला ७५० किलोच्या वर माल ठेवू नये’, आणि थप्पी किती थरांची करायची ते खोक्याचं वजन विचारून खाली लिहून दिलं. परवा रेलिंगचा एक बोल्ट आवळायला गेलो तर पाटी जागेवरच होती, तिच्यावर कुणीतरी डब्याची पिशवी अडकवली होती. पिशवी काढून शेजारी एक खिळा ठोकून दिला.